मूठ सैल राहावी म्हणून

गोठलेल्या धबधब्यावर चढायला दोन हातांत दोन हत्यारं लागतात. चढणाऱ्या सगळ्याजणी त्यांना आईस टूल म्हणतात. ओळखीच्या वस्तूंत सांगायचं तर कोयता आणि कुदळ यांच्या मधलं काहीतरी. बहुतेक अॅल्युमिनियमचा, थोडा वाकवलेला दांडा आणि वर पोलादाची दातेरी चोच. चोच बर्फात मारायची, बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात रोवायचे आणि वर सरकायचं. आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही, म्हणून आम्ही त्यासाठी हिवाळ्यात स्पितीला जातो, काहीजणी लडाखला. आज आम्ही बोलणार आहोत ते या हत्याराच्या मुठीवर गुंडाळायच्या पट्टीबद्दल, म्हणजे ग्रिप टेपबद्दल. कारण नव्यानं शिकणाऱ्या मुली आम्हाला सगळ्यात जास्त हेच विचारतात, "कुठली टेप घेऊ?"

आधी टेप कशासाठी ते बघू. पूर्वी या हत्यारांना मनगटात अडकवायचे पट्टे असायचे. हात दमला की वजन पट्ट्यावर टाकता यायचं. गेल्या वीसेक वर्षांत ते पट्टे मागे पडले. आता मुठीच्या तळाशी करंगळीला टेकायला एक कठडा असतो, बाकी सगळा भार बोटांवर. दांडा निसरडा असला की आपण न कळत मूठ आवळतो. हात डोक्याच्या वर, मूठ आवळलेली, म्हणजे बोटांपर्यंत रक्त पोचायला दोन्हीकडून अडचण. बोटं बधिर होतात. आणि खाली उतरल्यावर त्यांत पुन्हा रक्त शिरतं तेव्हा अशी कळ येते की भल्याभल्या रडतात. तेव्हा टेपकडून आम्हाला एकच हवं असतं, मूठ सैल ठेवली तरी हत्यार निसटू नये.

दुसरं कारण थंडीचं. काझा साडेतीन हजार मीटरहून उंच, तिथं हिवाळ्यातल्या रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो. अॅल्युमिनियम हा धातू रबरापेक्षा शेकडो पट वेगानं हातातली ऊब ओढून घेतो. मध्ये रबराचा पातळ थर असला तरी फरक पडतो.

आता कुठली घ्यायची? वायरला लावतात ती प्लॅस्टिकची इन्सुलेशन टेप आधी बाजूला ठेवा. थंडीत ती कडक होते, तिचा गोंद सुटतो आणि पृष्ठभाग तर गुळगुळीतच. कापडी टेप हाताला छान लागते, कोरड्या बर्फात चालतेही. पण दुपारी उन्हानं भिंत पाझरायला लागली की कापड पाणी पितं, सावलीत तेच पाणी गोठतं आणि आपण बर्फाच्या पापुद्र्याला धरून लटकतो. टेनिस-बॅडमिंटनच्या रॅकेटवरची पट्टी मऊ असते, पण हत्यार खडकावर घासलं की तिच्या चिंध्या होतात. स्केटबोर्डवरचा खरखरीत कागद दांड्यावर लावलेला आम्ही पाहिलाय. पकड जबरदस्त, पण हातमोज्याचा तळवा थोड्याच दिवसांत पालथा पडतो, आणि हातमोजे टेपपेक्षा कितीतरी महाग.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मात्र आमच्या मनातून उतरत नाही. जुने गिर्यारोहक तीच वापरायचे. फुकट मिळते, पाणी पीत नाही. जाड असते एवढीच तक्रार.

आमची निवड आहे ती स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन रबराची टेप. प्लंबर पाइपची गळती थांबवायला वापरतात तीच. तिला गोंद नसतो. ताणून गुंडाळली की थरावर थर एकजीव होतो, थंडीत ती लवचीक राहते, आणि काढताना दांड्यावर चिकटा उरत नाही. साधारण २५ मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड आणि तीन मीटर लांब असा रोल मिळतो.

पण मैत्रिणींनो, कुठली टेप यापेक्षा किती टेप हा प्रश्न आपल्यासाठी मोठा आहे. ही हत्यारं बनवताना बहुतेक पुरुषाचा पंजा डोळ्यांसमोर असतो. आपला पंजा लहान, त्यात हातमोजे. (आपल्या मापाचे हातमोजे दुकानात मिळणं हे वेगळं दुखणं. बोटांची टोकं रिकामी लोंबतात.) वरची टेप अर्ध्यावर अर्धी गुंडाळली तर सगळीकडे दोन थर होतात, म्हणजे मुठीचा व्यास दोन मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि घेर सहा मिलिमीटरपर्यंत. ऐकायला काहीच नाही. पण खुरप्याची मूठ जराशी जाड झाली की संध्याकाळी कोपरापासून हात कसा भरून येतो, ते निंदणीला जाणारीला विचारा. अगदी तसंच. म्हणून विकत घेण्याआधी हातमोजा घालून मूठ धरून बघा. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकावर आरामात चढतंय का? चढत नसेल तर त्या मुठीवर टेपचा एक वेढाही नको. नव्या हत्यारांच्या मुठीवर रबर आधीच असतं. काहींमध्ये करंगळीचा कठडा वर-खाली सरकवून मूठ लहान करता येते, ते आधी करा. निम्म्या मुलींना खालच्या मुठीवर टेप लागतच नाही असं आमचं मत आहे. लागते ती दांड्याच्या वरच्या भागावर, जिथे चढताना हात बदलतो आणि जिथे उघडा धातू असतो.

गुंडाळताना दांडा आधी स्पिरिटनं पुसून घ्या. सुरुवात खालून करा आणि वर जा. कौलं शाकारताना खालच्या ओळीवर वरची ओळ चढते ना, तसं. मग प्रत्येक वेढ्याची उघडी कड खाली तोंड करून राहते, आणि खाली सरकणारा हात तिला उचकटत नाही. वरून सुरुवात केली तर कडा हातमोज्यात अडकून दोन दिवसांत गुंडाळी सुटते. पहिला वेढा त्याच जागी दोनदा घ्या, शेवटचा मात्र न ताणता नुसता दाबून बसवा. ज्यांना दांडा सरळ बर्फात खुपसून चालायचं आहे त्यांनी खालचा भाग मोकळा ठेवावा, रबर बर्फात शिरत नाही.

लेह-मनालीला जाण्याआधी खात्री करायची असेल तर घरचा फ्रीजर आहे. त्यात साधारण उणे १८ अंश असतात. पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा घ्या, त्यावर टेप गुंडाळा, पाण्यात बुचकळा आणि रात्रभर आत ठेवा. सकाळी तोच हातमोजा, तोही थोडा ओला करून, घालून ओढून बघा. हातमोज्याचा तळवा चामड्याचा आहे की कृत्रिम कापडाचा यावर निकाल बदलतो, म्हणून मैत्रिणीच्या हातमोज्यावर विसंबू नका. घरातले हसतील, हसू द्या.

मोसम संपला की टेप कापून काढा आणि दांडा उजेडात फिरवून बघा. टेपखाली खोक किंवा तडा लपून राहतो. कापताना सुरीचं टोक दांड्यात रुतवू नका, विशेषतः कार्बनच्या दांड्यात. एक रोल दोन हत्यारांना पुरून थोडा उरतो. तो पिशवीत असू द्या, चालायच्या काठीची मूठ सुटली की कामाला येतो.