जुन्या यंत्राचा दुसरा संसार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पिंपळगाव राजाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, मजुरी नाहीतर कामगार कायदा यांवर बोलू अशीच त्यांची अपेक्षा असणार. आमचे तोंड आजवर त्याच विषयांवर चालत आले आहे. शाळेतले शिक्षण आमच्या वाट्याला थोडेच आले. जे काही शिकलो ते कारखान्यांच्या फाटकांवर, वाचनालयांत आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर. तेव्हा विजेच्या यंत्राविषयी बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आम्ही वाद घालणार नाही. पण ज्या प्रश्नाने आमच्या एका सभासदाच्या आयुष्याची पुंजी धोक्यात येते, तो प्रश्न समजून घेणे हे आमचे कामच आहे.

तर प्रथम ही वस्तू पाहा. पंचात गुंडाळून आम्ही ती बरोबर आणली आहे. लांबट, चपटा पत्र्याचा डबा. एका तोंडाला इवलासा पंखा, दुसऱ्या तोंडाला सोनेरी पट्ट्यांची जीभ. बटण नाही, लोंबणारी वायर नाही. दुरुस्तीवाले हिला एसएमपीएस म्हणतात. घरच्या २३० व्होल्ट विजेची १२ व्होल्टची एकदिश वीज करून सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकाला पाजणे, एवढेच हिचे काम.

ही इथवर आली कशी? आपल्या तालुक्यातला एक तरुण नवी मुंबईत कंत्राटदाराकडे कामाला होता. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते. आज तिथे संगणकांची भांडारे उभी आहेत. तुमच्या बँकेचा हिशेब, मोबाइलवरचे निरोप, हे सारे अशाच इमारतींत साठवलेले असते. तिथले सर्व्हर तीन ते पाच वर्षांत बदलतात. ते बिघडतात म्हणून नव्हे, तर नवे अधिक वेगाचे येतात म्हणून. जुने भंगारात निघतात आणि त्यांच्या पोटातले हे डबे किलोच्या भावाने बाजारात येतात. त्या तरुणाचे कंत्राट संपले, आम्ही भांडून त्याचे थकलेले पैसे मिळवून दिले आणि महिन्याभराने तो हे डबे घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, बिटकॉइनच्या मशिना घेतो म्हणतो. बारा मशिना, वावरातल्या टिनाच्या खोलीत. हिसाब तेवढा पाहून द्या.”

आम्ही हिशेब पाहिला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

बिटकॉइन हे कागदाचे वा धातूचे नाणे नव्हे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी २००८ साली त्याची योजना प्रसिद्ध केली आणि जानेवारी २००९ मध्ये ती चालू झाली. तिचा मर्म असा: जगभरची यंत्रे एक अवघड कोडे सोडवण्याच्या शर्यतीत असतात, ज्याला आधी उत्तर सापडते त्याने व्यवहारांच्या वहीचे पुढचे पान लिहायचे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यायची. उत्तर अकलेने सापडत नाही. अंदाज करीत राहावे लागते. जो सेकंदाला जास्त अंदाज करील त्याची संधी मोठी. याला ‘मायनिंग’ म्हणजे खाणकाम म्हणतात. या खाणीत कुदळीऐवजी वीज खर्च होते.

आरंभी हे काम घरच्या संगणकावर होई. २०१३ पासून त्यासाठीच घडवलेली यंत्रे आली. २०१६ साली आलेले अँटमायनर एस-९ हे त्यांतले गाजलेले यंत्र. त्याला लागे १२ व्होल्ट वीज, सुमारे १,३५० वॉट. आता ही गाठ कशी जुळली पाहा. सर्व्हरच्या डब्यातून १२ व्होल्टच निघतात. तो उत्तम प्रतीचा, वीज फार वाया न घालवणारा आणि भंगारात स्वस्त. जिभेवरच्या ठराविक पट्ट्या जोडल्याशिवाय तो मुख्य वीज सोडत नाही. ही युक्ती करणारा आणि तारा जोडायला जागा देणारा एक छोटा बोर्ड बाजारात मिळू लागला. दोन डबे, एक यंत्र, झाली खाण! जगभर हजारो लोकांनी असेच केले आणि टाकलेल्या वस्तूचा उपयोग केला, याबद्दल आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. २०१९ नंतरच्या यंत्रांत मात्र वीजपुरवठा आतच बसवलेला येऊ लागला आणि त्यांतल्या बहुतेकांना निव्वळ १२ व्होल्टवर चालणेही मानवेना. म्हणजे आज या डब्यांवर जे यंत्र चालवायचे, ते मुख्यतः जुनेच. भंगारातला बैल आणि भंगारातलाच नांगर.

आता उत्पन्न पाहू. असे यंत्र सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अंदाज करते. आकडा ऐकून छाती दडपते. पण जगातल्या सर्व यंत्रांचा मिळून वेग याच्या कोट्यवधी पट आहे. हिशेबासाठी सहा कोटी पट धरू. एप्रिल २०२४ पासून बक्षीस निम्मे होऊन साऱ्या जगात दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी निघतात. त्यांचा सहा कोटीवा हिस्सा आपला. म्हणजे एक अख्खे नाणे जमायला सुमारे ३६५ वर्षे! नाण्याचा भाव ऐंशी लाख रुपये धरला, तर दिवसाची मिळकत साठ रुपये. आणि खर्च? १,३५० वॉट चोवीस तास म्हणजे ३२ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर २५६ रुपये. रोज साठ मिळवायचे आणि रोज २५६ द्यायचे. नाण्याचा भाव दुप्पट झाला तरी हा खड्डा बुजत नाही. एका यंत्राला तोटा, तर बारा यंत्रांना बारा पट तोटा. घाऊक घेतल्याने तोटा स्वस्त होत नाही.

वर कर निराळा. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारापासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणून हा धंदा गुन्हा नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितले.

इथे तो तरुण हळूच म्हणाला, “वावरातली लाइन फुकटच आहे की.” बंधूंनो, हा मोह आम्ही उघड बोलून दाखवतो, कारण तो एकट्याचा नाही. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली. ती विहिरीचे पाणी पिकाला देण्यासाठी दिली. तिच्यावर नाणी खणणे हा २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर आहे. दंडाची आकारणी बापाच्या नावे येईल. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी त्याच रोहित्रावर शेजाऱ्याचा पंप आहे. रोहित्र जळाले की त्याचाही हरभरा वाळतो. एकाच्या स्वप्नाचे बिल दुसऱ्याने भरायचे, ही रीत आम्ही आयुष्यभर मालकांच्या ठिकाणी पाहिली. ती आपल्या पोरांनी उचलू नये.

तरी त्याची समजूत पटेना. त्याने एक यंत्र आणून पाहिले. तेराव्या रात्री तारेचा सांधा करपला आणि खोलीभर धूर झाला. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. हे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे. लोक म्हणतात, १२ व्होल्ट म्हणजे मोटारसायकलची बॅटरी, तिला काय भ्यायचे? पण व्होल्ट कमी म्हणून प्रवाह वाढतो. १,२०० वॉटचा डबा १२ व्होल्टवर पुरा चालला तर शंभर अँपिअर वाहतात. सांध्यात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा राहिला, तरी तिथे शंभर वॉट उष्णता निघते. जुन्या शंभर वॉटच्या दिव्याची सगळी धग हरभऱ्याएवढ्या जागेत! आणि डबा उघडून पाहणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ दबा धरून बसते.

परंतु आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निराळीच गोष्ट. या डब्याचा पहिला संसार कसा होता? सर्व्हरमध्ये असे दोन डबे जोडीने असतात. एक बंद पडला तर दुसऱ्याने सारा भार उचलावा, म्हणून एरवी प्रत्येकाच्या अंगावर निम्माच भार. हवा साधारण १८ ते २७ अंशांची, गाळलेली, धूळ नसलेली. म्हणून तर पाच वर्षांनीही डबा धडधाकट निघतो. आणि दुसऱ्या संसारात? पुरा भार, दिवसरात्र, टिनाखाली, आपल्या बुलढाण्याच्या वैशाखात, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत. आतल्या कपॅसिटरचा नियम असा, की दर दहा अंश उष्णतेला आयुष्य निम्मे होते. २७ अंशांत दहा वर्षे टिकणारी वस्तू ४७ अंशांत अडीच वर्षे टिकेल.

हे वाचताना आम्हांला यंत्र दिसेना, माणसे दिसू लागली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे भिवंडी, मालेगाव इथे मागांची गावे वाढली, आणि त्यांतले कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाआधीही हे चालू होते, नंतरही चालू राहिले. माग तोच. पण गिरणीत त्यापाशी आठ तासांची पाळी होती, फंड होता, हजेरीचे पुस्तक होते. पत्र्याच्या शेडमध्ये तोच माग बारा तास चालू लागला आणि मजुरी मीटरवर आली. जुने यंत्र स्वस्त मिळाले, यात वाईट काही नव्हते; त्याच्याबरोबर माणूसही भंगाराच्या भावात आला, हे वाईट झाले.

यंत्राला रविवार नसतो, म्हणूनच माणसाला तो मागून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीने गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी तो मिळाला. आणि आमचा हा तरुण? त्या तेरा रात्री तो यंत्राशेजारी खाटेवर निजला होता, कारण पंख्याचा आवाज बदलला की उठायला हवे. ना पाळी, ना सुटी, ना मजुरी. त्याच्या कागदावर विजेचा खर्च होता, यंत्राची किंमत होती. स्वतःच्या जागरणाची ओळच नव्हती. मालक मजुराचा घाम हिशेबात धरीत नाही म्हणून आम्ही ओरडतो. इथे मजूरच मालक झाला आणि त्यानेही तेच केले.

मग हे डबे फेकून द्यावेत काय? मुळीच नाही. मोटारदुरुस्तीच्या दुकानात दिवे, भोंगे, वायपर तपासायला १२ व्होल्टचा भरवशाचा पुरवठा लागतो. हौशी रेडिओवाले आपले संच अशाच डब्यांवर चालवतात. दुकानातले १२ व्होल्टचे दिवे यावर लागतील. पथ्ये थोडीच आहेत. पाटीवर लिहिलेल्या ताकदीच्या निम्माच भार द्यावा. तार जाड, सांधे घट्ट. अर्थिंग खरे असावे, नावापुरते नको. बॅटरी सरळ जोडू नये. १२ व्होल्टची बॅटरी भरायला चौदा व्होल्टच्या आसपास लागतात आणि मध्ये योग्य चार्जर हवा. चोवीस व्होल्ट मिळवायला दोन डबे एकापुढे एक जोडू नयेत, कारण त्यांची ऋण बाजू पत्र्याला आणि अर्थिंगला जोडलेली असते. घोटाळा होऊन भडका उडेल.

आणि हे काम एकट्याने चोरून करण्याचे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला नोंदणीची जागा ठेवली आहे. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी १९९३ साली पंचायत उभारली आणि त्यांतूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. ज्यांच्या हाती फक्त पोते होते, त्यांना संघटनेने ओळखपत्र दिले. आपल्या तालुक्यातली आयटीआय झालेली मुले पाना आणि मीटर हाती घेऊन बसली आहेत. ती एकत्र आली, तर नवी मुंबईचे भंगार इथे दुरुस्तीला का येऊ नये?

तो तरुण आज या सभेत मागे बसला आहे. नाव सांगत नाही. अकरा यंत्रे त्याने घेतली नाहीत. पैसे पोस्टात आहेत. दोघा मित्रांबरोबर त्याने दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. या डब्याचा जोडीदार तिथे टेबलावर असतो, तीस-चाळीस अँपिअरच्या पुढे त्याला नेत नाहीत आणि रात्री दुकानाबरोबर तोही बंद होतो. मिळकत अजून बेताचीच आहे, हेही सांगितले पाहिजे.

प्रत्येक यंत्राच्या अंगावर एक पाटी असते: किती व्होल्ट, किती अँपिअर. जुने यंत्र घरी आणताना प्रथम ती वाचा. माणसाच्या अंगावर अशी पाटी नसते. त्याला किती भार सोसेल हे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून ठरवायचे असते. संघटना म्हणजे दुसरे तरी काय!