नळाचा वॉशर आणि अप्पांचा स्क्रूड्रायव्हर

मी धानोऱ्यातून बोलतोय. नंदुरबारचं धानोरा, गडचिरोलीचं नाही. कुरियरवालेसुद्धा गोंधळतात म्हणून आधीच सांगितलं. बीटेक झालो, दिवसा पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून कोड लिहितो आणि रात्री सोल्डरिंग आयर्न गरम करतो. आज ज्या रेडिओबद्दल सांगणार आहे, तो आठ दिवस मुका होता.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचं हॅम रेडिओचं सर्किट बनवलं. त्यांचा कॉलसाइन व्हीयू२ईएसई. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे परदेशी महागडे टोरॉइड मिळत नाहीत ना, मग त्यांनी कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या. वॉशरमध्ये चुंबकीय असं काही नसतं, तो फक्त तार गोल धरून ठेवतो. पण तेवढ्यावर काम भागतं. बाकी साधे ट्रान्झिस्टर, एकसारखे क्रिस्टल, टीव्ही अँटेनाच्या बलूनमधला फेराइट. मी तेच सर्किट ७ मेगाहर्ट्झसाठी बदलून घेतलं. वॉशर हार्डवेअरच्या दुकानातून आणले, तार पंपाच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून. त्याने विचारलं, "कोणती मोटर आहे?" काय सांगणार!

सगळं जोडलं, बॅटरी लावली, आणि काहीच नाही. मी ट्रान्झिस्टर बदलले, ऑसिलेटर तपासला, व्हिडिओ बघितले. आठ दिवस गेले.

आता अप्पांबद्दल. माझ्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सपाट टीव्ही आले, पॅनेल गेलं की नवाच घ्या असं सुरू झालं आणि दुकान बंद झालं. लहानपणी मी तिथे बसलो की ते म्हणायचे, "हे शिकू नको, यात पोट भरत नाही." त्यांनी हत्यारं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली ती परत काढली नाहीत. म्हणून मी हा उद्योग त्यांच्यासमोर करायचं टाळत होतो. माझ्यासाठी तो छंद होता आणि त्यांचा तो बुडालेला धंदा. कसं विचारणार?

नवव्या दिवशी तेच येऊन उभे राहिले. म्हणाले, "सप्लाय बघितला का?" बघितला होता. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, दांड्यावर बोट ठेवलं आणि व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला टेकवला. स्पीकर घुर्र झाला. "इथून पुढचं जिवंत आहे. आता मागे मागे जा." सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर होता म्हणून हे चाललं. मेनवर चालणाऱ्या सेटमध्ये असं बोट घालू नका.

एकेक टप्पा मागे सरकत गेलो. क्रिस्टल फिल्टरपर्यंत टेकवल्यावर कडकड येत होती. मिक्सर ओलांडून अँटेनाच्या बाजूला गेलो की शांत. म्हणजे मिक्सरची कॉइल. जोड तर चकाकत होता! अप्पांनी मीटर लावायला सांगितलं, बीप नाही. तांब्याच्या तारेवरचं वार्निश मी नीट खरवडलंच नव्हतं, सोल्डर वरवर बसलं होतं. ब्लेडने तार घासली, पुन्हा जोडली आणि स्पीकरमधून तो समुद्रासारखा सूंऽऽ आवाज आला. दोष असाच अर्धा अर्धा करत शोधणं हे ऑफिसात माझं रोजचं काम आहे. इथे आठ दिवस सुचलं नाही, त्याची लाज अजून वाटते.

त्या रात्री डायल फिरवताना अप्पांना एक गोष्ट सांगितली. १९४२ मध्ये मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. तरंगलांबी ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला तिने भागलं तर साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे आज हॅम लोक गप्पा मारतात त्याच पट्ट्यात. मी काटा तिथे नेला. दोन माणसं अँटेनाच्या उंचीवरून वाद घालत होती.

हो, बोलायला लायसन्स लागतं. माझी परीक्षा झाली आहे, लायसन्स यायचं आहे. तोवर ट्रान्समीटरचा शेवटचा ट्रान्झिस्टर, आयआरएफ ५१०, मी बोर्डवर लावलेला नाही. डबीत ठेवलाय आणि डबी अप्पांच्या ट्रंकेत. त्यांनीच ट्रंक उघडून दिली.

लिंब आणि गच्चीच्या मधे वीस मीटर तार बांधलीय. एरवी घरातल्या एलईडी बल्बांचा आणि चार्जरचा एवढा गोंगाट असतो की दूरचं काही ऐकू येत नाही. पण परवा गावची लाइट गेली. आई वैतागली, आम्ही दोघे पळत गच्चीवर. बँड एकदम स्वच्छ. लांबचा कोणीतरी सीक्यू, सीक्यू म्हणून हाका मारत होता, आणि कोणीच उत्तर देत नव्हतं.

अप्पा म्हणाले, "अरे, तो केव्हाचा बोलावतोय."

मी म्हणालो, "डबी ट्रंकेतच राहू दे, अप्पा. आलं की काढू."

मग लाइट येईपर्यंत आम्ही ऐकत बसलो.