जुन्या जेटबोटीचें दुखणें आणि तिचा भोंगा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आल्प्स पर्वताच्या पूर्व उतारावरून ज्या नद्या समुद्राकडे धांवतात, त्या एका पात्रानें वाहत नाहींत. राकाया, रँगिटाटा, वाइमाकारिरी, वाइताकी अशीं त्यांचीं नांवें. गोट्यांच्या विस्तीर्ण मैदानांत त्यांच्या दहा धारा होतात, पुन्हां एक होतात आणि पुन्हां फुटतात. पाणी कोठें छातीइतकें, तर कोठें घोट्याएवढें. ओढ मात्र सर्वत्र जबर. तळाखालीं पंखा लोंबणारी साधी मोटरबोट अशा नदींत घातली, तर थोड्याच अंतरावर तिचा पंखा गोट्यांवर आपटून मोडल्याखेरीज राहत नाहीं.

या नद्यांच्याच प्रदेशांत, आयरिशमन क्रीक नांवाच्या मेंढरांच्या कुरणावर, विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) हा शेतकरी राहत असे. यंत्रविद्येचें त्याला वेड होतें. तळांतून पाणी ओढून घ्यावें व तेंच जोरानें मागें फेंकून नाव पुढें रेटावी, ही कल्पना कांहीं त्याची नव्हे, ती जुनीच. परंतु १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें पाण्याचा झोत बुडत्या भागांतून न सोडतां पाण्याच्या पातळीच्या वर सोडून पाहिला, आणि नावेला एकदम वेग आला. १९६० सालीं याच जातीच्या नावा अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीच्या प्रचंड दरींतून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ सालीं एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी हा तीन जेटबोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या उगमाकडे निघाला आणि अलकनंदेवरील नंदप्रयागाजवळ एका धबधब्यानें अडवीपर्यंत चढत गेला. हिंदुस्थानांतील पुष्कळांनीं जेटबोट प्रथम पाहिली ती तेव्हांच.

हिलरीच्या नावा नव्या होत्या. येथें विचार करावयाचा आहे तो वापरलेल्या, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या नावेचा. कँटरबरी प्रांतांत अशा नावांची खरेदी-विक्री नेहमींची आहे. घेणारा रंग पाहतो, गाद्या पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, पैसे मोजतो. आणि पहिल्याच रविवारीं नदीच्या मध्यभागीं त्याच्या कानाशीं भोंगा किंचाळूं लागतो. त्या क्षणीं काय करावें आणि घरीं परतल्यावर दोष कसा हुडकावा, हा आजचा विषय.

त्यासाठीं या नावेची रचना थोडक्यांत डोळ्यांपुढें आणिली पाहिजे. तळाला एक जाळी असते. तिच्यांतून पाणी वर ओढलें जातें. आंत एका धातूच्या कड्यांत पात्यांचा पंखा फिरतो. त्याला इंपेलर म्हणतात. तो पाण्याला दाब देतो, आणि मागच्या निमुळत्या तोंडांतून तें पाणी झोतानें बाहेर पडतें. सुकाणूच्या चाकानें हें तोंडच उजवीकडे-डावीकडे वळवितां येतें. मागें जाणें झाल्यास झोतावर एक वाडगें उतरवून तो पुढें वळवितात. बहुतेक नावांत इंजिन व पंखा यांचा सांधा सुटत नाहीं; इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. म्हणून इंजिन चालू असतांना जाळींत हात घालूं नये, दोरी लोंबूं देऊं नये.

या रचनेंत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. जेटबोटीला निराळें सुकाणू नाहीं. झोत आहे तोंवरच ती वळते. नवशिका पुढें खडक पाहून घाबरतो व थ्रॉटलवरचा पाय काढतो. झोत मंदावतो, चाक हातांत नुसतें फिरूं लागतें, आणि नाव ज्या खडकाला तो भ्याला त्याच खडकावर सरळ जाते. भोंगा वाजतांच किल्ली फिरवून इंजिन बंद करणें, हा मोटार चालविणाऱ्याचा धर्म भर प्रवाहांत म्हणूनच घातक ठरतो. तेथें वेग उतरवावा, पण वळण्यापुरता झोत राखावा. सर्वांत जवळचा कांठ किंवा खडकामागचें निवांत पाणी गांठावें, आणि मग इंजिन थांबवावें. इंजिन बिघडलें तर पैसे जातील. ओढींत नाव आडवी झाली तर काय जाईल, हें सांगावयास नको.

आतां भोंगा. मोटारीचें इंजिन बसविलेल्या जुन्या जेटबोटींत याची जोडणी बहुधा साधी असते. भोंग्याला किल्लीवाटे बॅटरीची वीज मिळते, आणि त्याची दुसरी तार दोन स्विचांकडे जाते. एक तेलाच्या दाबाचा, दुसरा पाण्याच्या उष्णतेचा. तेलाचा स्विच विश्रांतींत जुळलेला असतो व दाब चढला कीं उघडतो. उष्णतेचा याच्या उलट; तो एरव्हीं उघडा असतो व मर्यादेबाहेर ताप चढला कीं जुळतो. दोहोंपैकीं कोणताही जुळला कीं इंजिनाच्या लोखंडांतून विजेचें वर्तुळ पुरें होतें आणि भोंगा ओरडतो. म्हणजे एकच आवाज दोन निरनिराळ्या तक्रारी सांगतो, आणि कोणती तें सांगत नाहीं.

एवढें समजलें म्हणजे पुष्कळ उलगडा बसल्या जागीं होतो. किल्ली फिरविली, इंजिन अद्याप चालू नाहीं, अशा वेळीं या जोडणींत भोंगा वाजलाच पाहिजे, कारण तेलाला दाब नाहीं. तो वाजला नाहीं तर आनंद मानूं नये. फ्यूज गेला असेल, भोंगा मेला असेल, किंवा आधींच्या मालकानें त्रासून तार कापून टाकिली असेल. हा शेवटचा प्रकार वाटतो तितका विरळा नाहीं. मुका भोंगा असलेली नाव ही ओरडणाऱ्या नावेहून कितीतरी वाईट. विकत घेण्यापूर्वीं करावयाची ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे, आणि ती करणारा गिऱ्हाईक शंभरांत एखादा. उष्णतेच्या स्विचाची तार काढून क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेंकवावी. किल्ली फिरविलेली असतां तेव्हांही भोंगा वाजला पाहिजे. मात्र तेलाच्या स्विचाची तार आधीं सोडवून ठेवावी, नाहींतर कोणामुळें वाजला हें कळावयाचें नाहीं. पेट्रोलच्या नावेंत किल्लीला हात लावण्याआधीं इंजिनाची पेटी उघडून वाफ जाऊं द्यावी, हें तर सांगावयासच नको. पण दुर्दैवानें तेंही सांगावें लागतें.

याच्या उलट, थंड इंजिन सुरू होतांच भोंगा वाजूं लागला व थांबेचना, तर एकेक तार सोडवून पाहावी. जी सोडतांच आवाज बंद होईल ती तक्रारदार. परंतु तक्रारदार सांपडला म्हणजे गुन्हेगार सांपडला असें नव्हे. तारेचें रबर घासून तांबें उघडें पडलें असेल व तें लोखंडाला लागत असेल. स्विचच बिघडला असेल. तेलाविषयीं शेवटचा निवाडा एकच: स्विच काढून त्याच्या जागीं खरें दाबमापक बसवावें. मोटारींच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत दर मिनिटास १००० फेऱ्यांमागें चौरस इंचास सुमारें १० पौंड दाब असावा, असा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे. तितका असेल तर दोषी स्विच किंवा तार. नसेल तर इंजिन खोलण्याची वेळ आली.

भोंगा केव्हां वाजतो, यावरूनही पुष्कळ कळतें. गरम इंजिन मंद चालत असतां वाजतो व वेग देतांच थांबतो, तर संशय तेलाच्या दाबावर घ्यावा. नाक वर उचलून नाव धांवूं लागली कीं वाजतो व सपाट होतांच थांबतो, तर तळपात्रांतील तेल कमी असून तें मागें धांवतें आणि ओढनळी उघडी पडते. पांच-दहा मिनिटें जोरानें हांकल्यावर वाजूं लागतो, तर पाण्याकडे वळावें.

हा तिसरा प्रकार उदाहरणानें पाहूं जाणें बरें. समजा, वाइमाकारिरीच्या कांठीं राहणाऱ्या एका गृहस्थानें अशी जुनी नाव घेतली आहे. किल्लीची परीक्षा उतरते, तेलाचा दाब ठीक आहे, परंतु पूर्ण वेगानें पांच मिनिटें गेलीं कीं भोंगा वाजतो. उष्णतेची तार सोडली कीं तो गप्प. तार पुन्हां जोडून गृहस्थ कांठावर येतो व अंतरावरून ताप मोजणारें उपकरण इंजिनावर रोखतो. ताप खरोखरच चढलेला. म्हणजे भोंगा खरें बोलत होता.

जेटबोटींत इंजिन थंड करणारें पाणी बहुधा त्या पंपांतूनच एका नळीनें घेतात. वाटेंत एक गाळणी असते. हिमनद्यांनीं दळलेलें खडकाचें पीठ या नद्यांत सदैव तरंगत असतें. त्यामुळें पाण्याला दुधी निळा रंग येतो. गृहस्थानें गाळणी उघडली, तों तींत करड्या गाळाचा लगदा. ती धुतली. आतां भोंगा पांचाऐवजीं पंधरा मिनिटांनीं वाजूं लागला.

येथें बहुतेक जण चुकतात. रोग अर्धा गेला म्हणजे निदान बरोबर होतें असें समजून ते त्याच रस्त्यानें पुढें जातात: आज थर्मोस्टॅट नवा, उद्यां नळ्या नव्या, परवां इंजिनाचें डोकें उघडा. पैसा जातो व भोंगा तसाच राहतो. वास्तविक जेटबोटींत एक साक्षीदार असा आहे कीं ज्याला कोणी विचारीत नाहीं. तो म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा.

साध्या पंख्याच्या नावेंत इंजिनाच्या फेऱ्या नावेच्या वेगावर, ओझ्यावर अवलंबून असतात. जेटचें तसें नाहीं. नाव खुंटाला बांधलेली असो वा भरधांव जात असो, ठराविक फेऱ्यांना पंप जवळजवळ तितकीच शक्ति मागतो. म्हणून दिलेलें इंजिन व दिलेला पंप यांची पूर्ण थ्रॉटलवरील फेऱ्यांची संख्या जवळपास ठरलेली असते. ती संख्या घटली, तर इंजिनाची ताकद कमी झाली. जुनें पेट्रोल, गाळणींत पेट्रोलखालीं सांचलेलें पाणी, काळवंडलेला स्पार्क प्लग, सिलिंडरचा घटलेला दाब यांचा शोध करावा. डिपस्टिकवरचें तेल दुधासारखें दिसलें तर इंजिन पुन्हां सुरूच करूं नये, कारण तेलांत पाणी शिरलें आहे. आणि संख्या वाढली, पण नाव पूर्वींइतकी धांवत नाहीं, असें दिसलें तर इंजिन निर्दोष आहे. पंपाला पाण्याची पकड मिळत नाहीं. जाळींत शेवाळ किंवा गोटा अडकला असेल, कोठून तरी हवा ओढली जात असेल, किंवा पंखाच झिजला असेल.

उदाहरणांतल्या गृहस्थाला आधींच्या मालकाकडून कळलें कीं, ही नाव पूर्वीं ४२०० फेऱ्या घेत असे. आतां कांटा ४६०० दाखवीत होता, आणि नाव मात्र मंद. त्यानें नाव गाडीवर ओढली, किल्ली खिशांत घातली, बॅटरीची तार सोडली, आणि मग खालीं आडवें होऊन जाळींतून विजेचा दिवा टाकला. पंख्याच्या पात्यांच्या कडा उंदरांनीं कुरतडल्यासारख्या. गोट्यांचे ते दांत. पात्याचें टोंक व भोंवतालचें कडें यांत नव्या पंपांत फार बारीक फट असते. येथें एक नाणें सहज जात होतें. त्या फटींतून दाबलेलें पाणी परत मागें निसटत होतें. नावेला रेटा कमी मिळे तो त्यामुळें. आणि इंजिन थंड करणारी नळी त्याच पंपावर जगत असल्यामुळें तिलाही दाब कमी. गाळणी भरणारी रेती तीच, कडें खाणारीही तीच. इंजिनावर खर्च झालेली प्रत्येक दमडी येथें वायां गेली असती.

नव्या इंजिनांवर हल्लीं संगणक असतो. तो संकट पाहतांच आपण होऊन फेऱ्या कमी करतो, त्यामुळें ‘भोंगा वाजतो आणि नाव धांवत नाहीं’ हे दोन रोग भासतात पण असतात एकच. तेथें संगणकाची नोंद वाचणारें उपकरण लावणें हीच पहिली पायरी. तारांचे गंजलेले सांधे व दुबळी बॅटरी या यंत्रांना नसते ताप दाखवावयास लावतात, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

मालवण-तारकर्लीस व गोव्याच्या किनाऱ्यावर प्रवाशांना फिरविणाऱ्या ज्या पाण्यावरच्या स्कूटर दिसतात, त्यांचें हृदयही हाच पंप आहे. तेथें हिमनदीचें पीठ नाहीं, पण वाळू आहे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत आणि सर्वांत वाईट म्हणजे मीठ. दिवसाच्या शेवटीं गोड्या पाण्याची नळी लावून त्या धुतात. त्यांत क्रम महत्त्वाचा असतो: बहुतेकांत आधीं इंजिन सुरू करून मग नळ सोडावा, आणि बंद करतांना आधीं नळ, मग इंजिन. उलट केल्यास धूर जाण्याच्या वाटेंतून पाणी सिलिंडरांत शिरतें.

वाइमाकारिरीच्या त्या गृहस्थानें कडें नवें बसविलें, पात्यांच्या कडा कारखान्यांतून भरून व घासून आणिल्या. पहिली चांचणी त्यानें नदींत घेतली नाहीं; एका शांत तळ्यावर घेतली, कांठापासून दूर न जातां. किल्ली फिरवितांच भोंगा वाजला, इंजिन पेटतांच थांबला. कांटा ४२०० च्या आसपास येऊन स्थिरावला. अर्ध्या तासानंतरही भोंगा गप्प होता. त्यानें ती संख्या एका चिठ्ठीवर लिहून कांट्याशेजारीं चिकटविली, आणि खालीं तारीख घातली.