नाचता येईना, की अंगणच वाकडे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज आधी एक छोटासा प्रयोग करू या. उजवा हात मांडीवर ठेवा आणि मुळीच हलवू नका. आता मनातल्या मनात त्याच हाताने कणीक तिंबा. बोटांना चिकटणारी, दाबता दाबता मऊ होत जाणारी कणीक.

हात हलला नाही. पण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, जिथून उजव्या हाताच्या हालचाली ठरतात, तिथे काहीतरी घडले. हात स्वस्थ असताना तिथे सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी एक विद्युतलहर असते. हालचालीच्या नुसत्या कल्पनेनेही ती बहुतेकांमध्ये क्षीण होते. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी असती, तर संगणकाने हा बदल टिपला असता आणि पडद्यावरचा बाण उजवीकडे सरकवला असता. याला ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’, थोडक्यात बीसीआय म्हणतात. हे नाव कॅलिफोर्नियातले संशोधक जाक विदाल यांनी १९७३ साली दिले.

वर्तमानपत्रांत ‘विचारांवर चालणारे यंत्र’ असे मथळे येतात. ते वाचून वाटते की, टोपी घातली की झाले! तसे नाही. ही विद्या आहे, आणि ती सायकलसारखी शिकावी लागते. फरक एवढाच की, सायकलवरून पडल्यावर गुडघा फुटतो आणि आपण कुठे चुकलो ते कळते. इथे ते कळत नाही.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात नील्स बिरबाउमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांना ही विद्या शिकवली. त्यांचा वृत्तांत १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. दोघांनाही एएलएस, म्हणजे स्टीफन हॉकिंग यांना होता तो आजार. शरीर जवळजवळ संपूर्ण लुळे, श्वास यंत्रावर, बुद्धी मात्र शाबूत. त्यांनी वापरलेली मेंदूलहर वेगळी होती, अधिक संथ. ती आपल्या इच्छेने खालीवर करायला त्यांना शिकायचे होते. पडद्यावर अर्धी मुळाक्षरे येत. हवे ते अक्षर त्यांत असेल तर ‘होय’. मग त्या अर्ध्याचेही अर्धे. असे करत करत एक अक्षर. मिनिटाला दोनएक अक्षरे पडत, आणि तिथवर पोहोचायला कित्येक महिने सराव करावा लागला. पण ते लिहू लागले, हे महत्त्वाचे. ज्याला ‘पाठ खाजते आहे’ एवढेही सांगता येत नाही, त्याच्यासाठी ती दोन अक्षरे किती मोठी, याची आपण कल्पनाच केलेली बरी.

पण सगळ्यांना हे जमत नाही. टोपीवाल्या यंत्रावर साधारण १५ ते ३० टक्के लोकांना पुरेसा ताबा मिळवता येत नाही, असे अहवाल वर्षानुवर्षे येत राहिले. अशा माणसांना संशोधनाच्या भाषेत नाव पडले ‘बीसीआय-निरक्षर’. मला हा शब्द पहिल्यापासून खटकतो. निरक्षर म्हणण्याआधी शाळा कशी होती, हे विचारायला नको का?

ती शाळा कशी असते, बघा. शिकणारा पडद्यासमोर बसतो. डावीकडचा बाण दिसला की डाव्या हाताची कल्पना करायची, उजवीकडचा दिसला की उजव्या. पडद्यावरची पट्टी कधी बरोबर बाजूला लांबते, कधी चुकीच्या. का चुकली, हे कोणी सांगत नाही. मग माणूस दात-ओठ खाऊन जोर लावतो. जबडा आवळला की त्या स्नायूंची वीज मेंदूच्या इवल्याशा लहरींना बुडवून टाकते. खरे तर हात सिनेमात पाहावा तसा डोळ्यांपुढे आणण्यापेक्षा, तो हलताना आतून कसा वाटतो हे अनुभवायचे असते. अनेकांना एवढी साधी गोष्टही नीट सांगितली जात नाही.

फ्रान्समध्ये बोर्दो इथल्या कॅमिय जने, फाब्यँ लोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक नामी प्रयोग केला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी मेंदूलहरी बाजूलाच ठेवल्या. धडधाकट माणसांना पेन दिले, त्रिकोण आणि वर्तुळे काढायला सांगितली आणि ती संगणकाला ओळखता येतील अशी काढायला शिका म्हटले. शिकवण्याची रीत मात्र तीच, बीसीआयची; तीच मुकी पट्टी. तर १७ टक्के लोकांना हेही साधले नाही! आता त्यांना काय हात नसलेले म्हणायचे? ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नाचणाऱ्याला हसायला वापरतो. इथे अंगण खरोखरच वाकडे निघाले. प्रत्येकाचा मेंदू सारखा नसतो, काहींच्या कवटीबाहेर ही लहर पुरेशी पोहोचत नाही, हेही खरेच. पण सगळा दोष तिथे ढकलता येत नाही.

याची दुसरी बाजू २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये झुरिकजवळ दिसली. सायबॅथलॉन ही अपंगांसाठीची स्पर्धा. तिच्यात मेंदूलहरींवर धावणाऱ्या चित्रातल्या खेळाडूंची शर्यत होती. लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या होजे मियान यांच्या चमूने मणक्याला इजा झालेले दोन स्पर्धक काही महिने तयार केले. यंत्राने माणसाला ओळखायचे आणि माणसानेही यंत्राला, असा त्यांचा सराव. शिकाऊ चालकाची गाडी रोज बदलली तर तो काय शिकणार? म्हणून यंत्राची जुळणी त्यांनी वारंवार बदलली नाही. त्यांच्यापैकी एकाने सुवर्णपदक मिळवले आणि दुसऱ्याने स्पर्धेतली सर्वांत जलद वेळ नोंदवली.

त्या शर्यतीत रंगीत पट्टे होते. एका रंगावर वेग वाढवायचा, दुसऱ्यावर उडी, तिसऱ्यावर सरपटणे. आणि मधे एक पट्टा असा, की तिथे काहीच आज्ञा द्यायची नाही. हजारो प्रेक्षक ओरडताहेत, शेजारचा पुढे निघाला आहे, आणि आपण मात्र मन रिकामे ठेवायचे. चुकून एखादी आज्ञा गेली, तर गडी मागे पडलाच.