मोजणी वांझ तुरीची



गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर तूर उभी असते. शेजारची झाडे शेंगांनी लवतात, तेव्हा एखादे झाड फिकट हिरवे, दाट, पण फुलाशेंगांवाचून राहते. हाच वांझ रोग. १९३१ साली बिहारात पुसा येथे तो नोंदला गेला. त्याचा विषाणू मात्र २००० साली ओळखला गेला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोळी तो पसरवितात.

म्हणून प्रत्येक धुऱ्यावर शंभर झाडांमागे रोगट किती, ते लिहा आणि ती वेळीच उपटा. जेथे आकडा मोठा, तेथे पुढील हंगामी ‘बीएसएमआर ७३६’सारखे प्रतिकारक वाण प्रथम पोहोचावे. नोंदच नसेल, तर हिरवा धुरा पाहून आपण समाधान मानू आणि शेतकऱ्याचे घर डाळीवाचून राहील.