मीटर बरोबर, हिशेब चूक
(संस्थेच्या वार्षिक समारंभात संगणक विभागाच्या शिक्षक-विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



'नेटवर्कचे मोजमाप' हा विषय मला देण्यात आला आहे. विषय रुक्ष आहे हे आधीच कबूल करतो. परंतु चुकीच्या मोजमापापायी एका महाविद्यालयाचा, लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा कसा भलतीकडे जाऊ पाहत होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती हकिगत सांगितली म्हणजे विषय आपोआपच येईल.

त्या महाविद्यालयात चाळीस संगणकांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळेतील स्विच आणि कार्यालयातील मुख्य स्विच यांना जोडणारी एकच केबल, क्षमता सेकंदाला १ गिगाबिट. रोज सकाळी साडेदहा वाजले की सारे अडखळू लागे. सर्व्हरवरील पाठ उघडत नसत, मुले नुसती पडद्याकडे पाहत बसत. प्रयोगशाळेतील सहायक सांगत होता की केबल भरते आहे. पण कार्यकारी मंडळापुढे आलेख होता, आणि त्या आलेखात वापर कधी शंभर-सव्वाशे मेगाबिटच्या वर गेलेला दिसत नव्हता. म्हणजे रस्ता जवळजवळ मोकळा! मग दोष कुणाचा? जुन्या संगणकांचा आणि निगा न राखणाऱ्या सहायकाचा. नवे संगणक घेण्याचा ठराव तयार झाला, आणि पैसा काढायचा होता गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी राखून ठेवलेल्या निधीतून. दरपत्रकावर नजर टाकावी एवढ्यासाठीच मला बोलावले होते.

आता थोडे यंत्राविषयी. स्विचच्या प्रत्येक पोर्टवर एक मोजणीदार बसलेला असतो. तो वेग मोजत नाही. किती बाइट आले आणि किती गेले, एवढेच तो एकापुढे एक मोजत राहतो. घरच्या विजेच्या मीटरसारखेच हे. या महिन्याच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करायचा, की वापर निघतो. देखरेख करणारी प्रणाली एसएनएमपी नावाच्या पद्धतीने दर पाच मिनिटांनी आकडा विचारते, वजाबाकी करते, सेकंदांनी भागते, आणि बाइटचे बिट करण्यासाठी आठने गुणते. वेग स्विच सांगत नाही, तो आपण काढतो. चूक होते ती तिथेच.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. ९९९९९ झाले की पुन्हा ०००००. स्विचचा जुना मोजणीदार ३२ बिटांचा. तो ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की शून्यावर येतो. ही व्यवस्था १९९१ साली प्रमाण ठरली तेव्हा १० मेगाबिटची जोडणी पुष्कळ समजली जाई. तिच्यावर हा काटा उलटायला सुमारे ५७ मिनिटे लागत. १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटे, म्हणजे पाच मिनिटांचे वाचन कसेबसे निभावते. १ गिगाबिटवर मात्र तो ३४ सेकंदांत उलटतो! पाच मिनिटांत आठ वेळा.

नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर काटा एकदा उलटला असे प्रणाली समजून घेते. आठ वेळा उलटला हे तिला कळणार कसे? समजा, सेकंदाला १२ कोटी बाइट, म्हणजे ९६० मेगाबिट वाहत आहेत. पाच मिनिटांत ३६ अब्ज बाइट झाले. त्यातून आठ फेरे गळाले की उरतात १ अब्ज ६४ कोटी, आणि आलेखावर उमटतात अवघे ४४ मेगाबिट. ज्यांना कागदावर करून पाहायचे त्यांनी जरूर पाहावे.

मला संशय आला तो एका गोष्टीमुळे. त्यांचा आलेख वेडावाकडा नाचत होता, पण काही केल्या ११४ मेगाबिट ओलांडत नव्हता. एका पूर्ण फेऱ्याला ३०० सेकंदांनी भागून आठने गुणा, उत्तर साडेचौदा अधिक शंभर येते. म्हणजे ती मर्यादा केबलची नव्हती, वजाबाकीची होती. मी सहायकाला घड्याळ घेऊन बसवले आणि दर दहा सेकंदांनी तोच आकडा वाचून कागदावर उतरवला. वेग निघाला साडेनऊशेच्या आसपास.

उपाय एक पैशाचाही नव्हता. १९९४ सालापासून ६४ बिटांचे मोजणीदार उपलब्ध आहेत. १ गिगाबिटवर तो काटा उलटायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील. स्विचमध्ये तो होताच. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला ६४ बिटांचा आकडा वाचता येत नाही, आणि प्रणाली बसवणाऱ्याने तीच आवृत्ती ठेवून दिली होती. दुसरी निवडली, मोजणीदाराचे नाव बदलले, आलेख खरा झाला.

विद्यार्थ्यांनी आणखी काही खाचखळगे ध्यानात ठेवावेत. भागताना ठरलेले ३०० सेकंद घेऊ नका. उत्तर ३१० सेकंदांनी आले तर तीन टक्क्यांची चूक तिथेच झाली. आकड्याबरोबर स्विचची स्वतःची वेळही मागावी. स्विच मध्येच बंद होऊन सुरू झाला तर तेही त्यावरून समजते, नाहीतर आलेखात एक भयानक सुळका उभा राहतो. उलट, फार घाईही नको. काही स्विच आपले आकडे काही सेकंदांनीच ताजे करतात. त्यांना दर सेकंदाला विचारले तर एकदा शून्य आणि एकदा दुप्पट-तिप्पट असे उत्तर मिळते. पाच मिनिटांची सरासरी ही सरासरीच असते. तीस सेकंद केबल तुडुंब आणि बाकी वेळ रिकामी, तरी आलेख दहा टक्केच सांगेल. जुना तपशील साठवताना प्रणाली सरासरीची पुन्हा सरासरी काढते, म्हणून वर्षाच्या आलेखात शिखरे बुजलेली असतात. आणि 'आत' म्हणजे स्विचच्या आत, संगणकाच्या आत नव्हे. संगणकाच्या पोर्टवर विद्यार्थ्याने पाठवलेले 'आत' दिसते. यात अनुभवी मंडळीही फसतात, मीही फसलो आहे.

हां, ते साडेदहाचे राहिलेच. कार्यालयातील सर्व्हरची संपूर्ण प्रत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील साठवणपेटीत रोज उतरवली जात होती. रात्रीचे साडेदहा लिहायचे ते कुणीतरी सकाळचे लिहिले होते. वेळ बदलली, दुसऱ्या दिवशी वर्ग सुरळीत चालला, आणि संगणकांचा ठराव मागे घेण्यात आला.

त्या सहायकाने जाताना मला एक वही दाखवली. पहिल्या दिवसापासून त्याने तारीखवार लिहून ठेवले होते: अडखळणे सुरू, दहा पस्तीस. सुटले, बारा पंचवीस. चार महिन्यांच्या नोंदी होत्या. ती वही आजवर कुणी मागितली नव्हती.