कधी चालू, कधी बंद: आजोबांच्या पद्मिनीतला लपलेला बग

आजचा भाग कोडिंगचा नाही, पण बगचाच आहे. फक्त हा बग लॅपटॉपमध्ये नव्हता. सणसरला आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये १९८६ ची प्रीमियर पद्मिनी उभी असते, तिच्यात होता.

ज्यांनी पद्मिनी फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, आणि ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ ला. त्यांचंच वालचंदनगर आमच्या शेजारी. आजोबा तिथेच नोकरीला होते. त्यामुळे 'आपल्याच शेठची गाडी' असं म्हणत त्यांनी ती शेवटपर्यंत जपली.

आता दोष ऐका. सकाळी सेल्फ मारला की कधी पहिल्या झटक्यात चालू, कधी नुसतं 'कट-कट'. चालताना मधेच लाइट मंद. खड्ड्यातून गेलं की इंजिन एकदम बंद, आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही असं पुन्हा चालू. गॅरेजला नेली की शहाण्या मुलीसारखी वागणार! एकाने बॅटरी नवी टाकली, दुसऱ्याने सेल्फ खोलून भरला. बिलं झाली, दोष तसाच.

मग मी हातात घेतली. इंजिनिअर ना! यूट्यूब बघून एका रविवारी फ्यूज बदलले, प्लग साफ केले, बॅटरीची टोकं घासली, कॉइल नवी टाकली. सगळं एकाच दिवशी. गाडी आठवडाभर मस्त चालली. मी पप्पांना छातीठोक सांगितलं, "झाली दुरुस्त."

पुढच्या शनिवारी आजीला बारामतीला डोळे दाखवायला नेलं. परत येताना अंधार पडला. कारखान्याचा सीझन, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. भवानीनगरच्या अलीकडे एक खड्डा लागला आणि इंजिन बंद, लाइट पार मिणमिणते. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येत होता. त्याने वेळेत बघितलं म्हणून वाचलो. मी उतरून मोबाइलचा टॉर्च हलवत उभा, आणि आजी आत बसून विठ्ठलाचं नाव घेत होती.

घरी पप्पा एवढंच म्हणाले, "सीझन संपला की भंगारात देऊ." आजी काही बोलली नाही. तिने शेडमध्ये जाऊन गाडीवर कापड टाकलं.

त्या रात्री मला माझी चूक कळली. गाडी 'बंद पडली नाही' याचा अर्थ मी 'दुरुस्त झाली' असा लावला होता. कामावर कोणी असं केलं असतं तर मीच रिव्ह्यूत परत पाठवलं असतं. चार गोष्टी एकदम बदलल्या, आणि दोष मुळात काय हे माहीतच नव्हतं.

मग वही घेतली. प्रत्येक वेळी नोंद: इंजिन गार की गरम, लाइट चालू की बंद, रस्ता कसा, नक्की काय झालं. दोन आठवड्यांत दोन गोष्टी दिसल्या. दोष यायचा तो एकतर करंट जास्त लागतो तेव्हा, नाहीतर हादरा बसतो तेव्हा. आणि तिसरी गोष्ट चुकून सापडली. बराच वेळ सेल्फ मारल्यावर चोक ओढायला गेलो, तर चोकची केबल गरम!

आता चोकची केबल ही साधी तार. तिच्यात करंट जायचं कामच नाही. मग गरम का?

इथे जरा नीट ऐका. नीरा डाव्या कालव्याचं पाणी शेतात सोडलं की जिरतं, परत धरणात जात नाही. करंटचं तसं नसतं. बॅटरीतून निघालेला करंट बॅटरीत परत यावाच लागतो. गाडीत जायला वायर असते, पण परत यायला गाडीचा पत्राच वायर असतो. यालाच आपले मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. गंमत अशी की इंजिन रबराच्या मांडणीवर बसलेलं असतं, म्हणजे पत्र्यापासून तुटलेलं. म्हणून इंजिन आणि बॉडी जोडणारी एक जाड विणलेली पट्टी असते. ती खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जे सापडेल ते.

ही पट्टी मी आधी मीटरने तपासली होती. मीटरने 'पीं' केलं, म्हणून पास केली. पण मीटर तपासताना अगदी किरकोळ करंट सोडतं. त्याला एक धागा शिल्लक असला तरी पुरतो. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. म्हणजे टेस्ट एका युजरवर, आणि खरा लोड हजारोंचा.

म्हणून लोडवर टेस्ट केली. कॉइलची वायर काढली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. पप्पांना म्हटलं, "मारा सेल्फ." या वाटेवर अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं होतं. आलं २.६! मग वाटेचे तुकडे केले. बॅटरी ते बॉडी: ०.१. बॉडी ते इंजिन: २.५. चोर सापडला.

तरी लगेच पट्टी बदलली नाही. आधी जंपर केबलने इंजिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं. सेल्फ जोरात फिरला. केबल काढली, पुन्हा 'कट-कट'. तीनदा केलं, तीनदा तेच. दोष आपल्याला हवा तेव्हा आणता आणि घालवता आला, तरच तो सापडला.

पट्टी काढली तर बाहेरून काळी, आत बोल्टपाशी हिरवी भुकटी, दोन-चार धागे शिल्लक. सेल्फ, इग्निशन आणि चार्जिंग, तिघांचाही करंट तिच्यातूनच परत यायचा. म्हणून एकाच दोषाचे तीन चेहरे. नवी पट्टी दोन-अडीचशे रुपयांची. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, घट्ट आवळलं, वरून व्हॅसलीन. पुन्हा मोजलं: ०.२.

आणि एक. यावेळी 'झाली' म्हटलं नाही. मागचे लाइटही तपासले. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटायचा. त्या दिव्याचा अर्थचा स्क्रू गंजलेला. म्हणजे हा दुसरा, वेगळा दोष. रात्री मागच्याला आपण दिसतो ते याच लाइटवर, त्यामुळे तोही साफ केला.

वहीत अजून नोंद चालू आहे. चार महिने झाले, रकाना रिकामा आहे. सीझन संपला, भंगारवाला एकदा विचारून गेला. पप्पा त्याला म्हणाले, "बघू नंतर." आजी अजून अंधार पडल्यावर त्या गाडीत बसत नाही. तिचंही बरोबर आहे. विश्वासाची टेस्ट लोडवरच होते, आणि तिला वेळ लागतो.

तुमच्या घरी अशी 'कधी चालू, कधी बंद' गाडी असेल, तर पार्ट बदलण्याआधी एक वही घ्या आणि अर्थ मोजा. तुमचा किस्सा व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.